कॅबिनवर पत्रा लावला तर ॲव्हरेज खरंच वाढतं का? दहाचाकीवाल्या भावाला उत्तर

राळेगावकडच्या एका भावाने विचारलं आहे. त्यांची दहाचाकी आहे. सीझनला जिनिंगमधून रुईच्या गाठी भरून ४४ नंबरच्या हायवेने दक्षिणेतल्या सूतगिरण्यांना जातात. बाकी वर्षभर सरकी ढेप, सोयाबीन, मिळेल ते भाडं. भरलेली गाडी लिटरला चार-सव्वाचार देते. एका व्हिडिओत कॅबिनवर पत्रा वाकवून बसवलेला आणि लिटरमागे एक किलोमीटर वाढल्याचं त्यांनी पाहिलं. गावचा वेल्डर आठ हजारांत करून देतो म्हणतो. लावू की नको, एवढाच प्रश्न.

मी अकरा वर्षं गाडी चालवली. आता सोळा वर्षं झाली, यवतमाळ जिल्ह्यात हायवेच्या कडेला बॉडी आणि वेल्डिंगचं दुकान आहे. असले पत्रे मी स्वतः बसवलेत, काही स्वतःच्याच हातांनी काढूनही टाकलेत. उत्तर आधीच सांगतो: तुमच्या लांबच्या खेपांसाठी लावा, पण एक किलोमीटर विसरा. पाव किलोमीटरच्या आतबाहेर मिळालं तर काम चांगलं झालं असं समजायचं. आणि वेल्डर आठ हजारांत करून देईल तसा सपाट पत्रा तर अजिबात लावू नका.

आता मुळाशी जाऊ. प्रश्न पत्र्याचा नाही, तुमचं डिझेल कोण खातं हा आहे. भरलेल्या गाडीला सपाट रस्त्यावर दोघं मागे ओढत असतात. एक टायर, दुसरा वारा. टायरची ओढ वजनावर ठरते, वेग वाढला म्हणून ती फारशी वाढत नाही. वारा मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. चाळीसचा साठ झाला की वेग दीडपट, वाऱ्याचा रेटा सव्वादोनपट. ज्याने एप्रिलमध्ये समोरच्या वाऱ्यात सायकल हाणली आहे त्याला हे शिकवावं लागत नाही.

तुमच्या गाडीचा ढोबळ हिशेब मांडतो. २८ टनांची भरलेली गाडी, गाठी कॅबिनच्या दोन फूट वर, सपाट रस्ता, वेग साठ. शंभर किलोमीटरला साधारण २४ लिटर जातं. त्यातलं १६ लिटर टायरच्या नावावर आणि ८ लिटर वाऱ्याच्या. हीच गाडी चाळीसने चालवली तर वाऱ्याचं खातं साडेतीन लिटरवर येतं, ऐंशीने चालवली तर चौदावर जातं. चढ, ब्रेक, टोलवरची रांग यात धरलेली नाही, त्यामुळे तुमच्या गाडीला आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण प्रमाण हेच.

आता व्हिडिओवाल्याचा दावा या हिशेबात टाकून बघा. सव्वाचारचं सव्वापाच व्हायचं तर २४ लिटरचं १९ च्या आसपास यायला पाहिजे. म्हणजे वाऱ्याच्या ८ लिटरमधून जवळजवळ पाच लिटर गायब. टायरच्या १६ लिटरला तर पत्रा हातही लावू शकत नाही. कॅबिनवरचा एक पत्रा निम्म्याहून जास्त वारा खाऊन टाकेल, हे मला तरी पटत नाही. डिफ्लेक्टर, म्हणजे वारा मालावरून वळवणारा कॅबिनवरचा पत्रा, नीट बसवला आणि हौद्याच्या पुढच्या कडा गोल केल्या, तर वाऱ्याच्या ओढीतून दहा ते पंधरा टक्के कमी करता येतात. म्हणजे शंभर किलोमीटरला एक लिटर, फार तर थोडं वर. महिन्याला पाच हजार किलोमीटर हायवे होत असेल तर पन्नास लिटर वाचलं. ९० रुपयांचा भाव धरला तर साडेचार हजार. हे काही कमी नाही. फक्त व्हिडिओइतकं नाही.

आणि हे सगळं हायवेचं बोलतोय. खेड्यातून जिनिंगपर्यंत सुटा कापूस आणायची खेप असेल, पांदण रस्ता, वीस-पंचवीसचा वेग, तर तिथे वाऱ्याला कुणी विचारत नाही. वणी भागात कोळशाच्या गाड्या धावतात, त्यांचा माल हौद्यात खाली बसलेला असतो. त्यांनी कॅबिनवर पत्रा लावला तर वाऱ्याच्या तोंडात उगाच नवीन भिंत उभी केली असं होतं.

ही चूक मी स्वतः केली आहे. माझा पहिला पत्रा अशाच एका कोळशाच्या गाडीवर गेला. मालक दोस्त होता, म्हणाला, "लाव रे बाप्पा, पाहू काय होते ते." मी अँगलची चौकट केली, सपाट पत्रा तिरपा उभा केला, रंग मारला, वर मालकाच्या पोराचं नाव काढलं. दिसायला झकास. तीन टाक्यांनंतर हिशेब केला तर ॲव्हरेज शंभर-सव्वाशे मीटरने खाली. माल कॅबिनच्या खाली आणि पत्रा कॅबिनच्या वर, म्हणजे गाडी मी उंच करून ठेवली होती. वरून पावसाळ्यात वेल्डिंगपाशी पत्र्याला चीर गेली आणि छतातून पाणी थेट ड्रायव्हरच्या मांडीवर. काढायला गेलो तर छताला चार भोकं आणि गंज. दोस्ती टिकली, पण आजही दुकानात आला की आधी वर पाहतो, मग माझ्याकडे.

त्यातून एक गोष्ट कायमची कळली. वाऱ्याला सपाट अंगाचा तितका राग नाही, धारदार कडेचा आहे. कोपऱ्यावर वारा वळू शकत नाही, तुटतो, भोवरे करतो, आणि तेच भोवरे गाडीला मागे ओढतात. अमेरिकेत १९७३ च्या सुमारास नासाच्या एडवर्ड्स इथल्या विमान-संशोधन केंद्रात एडविन सॉल्ट्झमन नावाचे इंजिनिअर होते. ते सायकलने कामावर जात. शेजारून ट्रक गेला की आधी हवा बाहेर ढकलते आणि मग आत ओढते, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांच्या मंडळींनी एका व्हॅनला चारी बाजूंनी सपाट पत्रे ठोकून तिचा बुटाचा खोका केला आणि एकेक कड गोल करत मोजत गेले. फक्त उभ्या कडा गोल केल्यावर वाऱ्याची ओढ ४० टक्के कमी झाली, आडव्याही केल्यावर ५४ टक्के. विमानं उडवणाऱ्या लोकांनी हे काम केलं, पण वापरलेला माल आपल्या दुकानात असतो तोच, पत्रा आणि रिव्हेट.

मात्र ५४ वाचून हुरळून जाऊ नका. त्यांनी मुद्दाम सगळ्या कडा धारदार करून सुरुवात केली होती. तुमच्या गाडीची कॅबिन कंपनीनेच गोल करून दिलेली आहे. धारदार काय उरलं? हौद्याचा पुढचा भाग, हेडबोर्ड. कॅबिनवरून सरकत आलेला वारा मागे दोन फूट उंच उठलेल्या गाठींच्या भिंतीवर आपटतो, आणि कॅबिन-हौद्याच्या मधल्या फटीत पडून तिथे घुसळत राहतो.

म्हणून मी आता काम उलट्या क्रमाने करतो. आधी हेडबोर्ड, मग पत्रा. हेडबोर्डच्या वरच्या आणि दोन्ही उभ्या कडांना पाव गोलाईत रोल केलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा बसवतो, गोलाई सहा इंचांच्या आसपास. उभ्या कडेची गोलाई हौद्याच्या रुंदीच्या आतच घ्यायची, एक सूतही बाहेर नको. काही जण प्लास्टिकचा पाइप उभा चिरून लावतात. स्वस्त पडतो, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि तो पाइप दोन उन्हाळ्यांत वाकडा होऊन तडकतो. पत्राच बरा.

मग डिफ्लेक्टर. सपाट उभा पत्रा नको, पाठीला बाक असलेला हवा. खालची कड कॅबिनच्या छताला टेकल्यासारखी, आणि बाजू उघड्या न ठेवता तिरप्या पत्र्याने बंद केलेल्या. वरची कड मालाच्या उंचीपेक्षा थोडी खालीच ठेवायची, कारण वारा पत्र्यावरून सुटल्यावर अजून थोडा वर चढतो. किती खाली, ते कॅबिन आणि हौद्यामधल्या अंतरावर ठरतं. तुमचा माल कधी गाठी, कधी ढेप, म्हणजे उंची बदलणार. त्यामुळे मागच्या आधाराला तीन-चार भोकं ठेवून पिन घालायची, पत्रा खाली झोपवता आला पाहिजे. रिकामी गाडी परत येताना तो झोपवलाच पाहिजे, नाहीतर जाताना वाचवलेलं येताना गेलं.

कोन बरोबर आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी सूत वापरा. आपण कापसाच्या मुलखात राहतो, सुताला तोटा नाही. वीत-वीतभर तुकडे करून कॅबिनच्या छतावर, पत्र्यावर, ताडपत्रीच्या पुढच्या कडेवर आणि हौद्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीने लावायचे. सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी साठने चालवायची आणि शेजारून दुसऱ्या गाडीत बसलेल्याने मोबाइलवर शूटिंग करायचं. शूटिंग करणारा गाडी चालवणारा नको, आणि दुचाकीवरून तर नकोच. सूत मागे सपाट झोपलं असेल तर वारा चिकटून जातोय. गरगर फिरत असेल किंवा उलटं पुढे वळत असेल तर तिथे भोवरा आहे. ताडपत्रीच्या पुढच्या कडेचं सूत झोपेपर्यंत पिन वर-खाली करत राहा. मी एका गाडीला चार वेळा पिन बदलली, तेव्हा कुठे जमलं. यात पन्नास रुपयांचं सूतही लागत नाही आणि कोणाच्या सांगण्यावर विश्वासही ठेवावा लागत नाही.

बसवण्याबद्दल मात्र कंजुषी नको. ऐंशीच्या वेगाला तेवढ्या पत्र्यावर ३०-३५ किलोचा रेटा येतो. समोरून वादळ असेल तर दुपटीहून जास्त. कॅबिनच्या छताचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपासचा, त्याला थेट वेल्डिंग मारलं तर माझ्यासारखं पाणी गळतं. आधार पन्हाळीच्या कडेवर घ्यायचा, आतून जाड पट्टी द्यायची, मध्ये रबर, आणि नटाला लॉकनट. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर एकदा सगळे नट पाना लावून पाहायचे, मग प्रत्येक खेपेला. सुटलेला पत्रा मागच्या मोटारसायकलवाल्याच्या गळ्यावर जातो, हे डोक्यात ठेवून काम करायचं. दुसरं, आजकालची कॅबिन पुढे झुकते. इंजिनाच्या कामाला कॅबिन पाडली की पत्रा जमिनीला किंवा बंपरला लागतो का, हे वेल्डरने आधी पाडूनच पाहिलं पाहिजे. आणि वजन पंचवीस किलोच्या आत. लोखंडावर प्रेम करणारा वेल्डर साठ किलोचा सांगाडा चढवतो आणि कॅबिनचे बुश वर्षात खाऊन टाकतो.

आता फुकटातलं काम. ताडपत्री. पत्र्यावर पंधरा हजार घालायला तयार असलेले लोक ताडपत्री फडफडत नेतात. प्रत्येक फडफडीचे पैसे इंजिन भरतं. पुढची कड घट्ट, रस्सा आडवा आणि तिरपा, फुगा येतो तिथे अजून एक फेरा. त्याहून महत्त्वाचं, रिकाम्या गाडीवरही ताडपत्री ताणून बांधा. रिकाम्या गाडीत टायरचा खर्च खाली येतो, वारा तसाच राहतो, त्यामुळे डिझेलचा जवळपास निम्मा भाग वाराच खातो. वारा उघड्या हौद्यात पडतो, मागच्या फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेवर, आपटतो. फाळका उघडून ठेवला की वारा निघून जातो असं काही ड्रायव्हर म्हणतात. त्याने काही हाती लागत नाही, वरून फाळका आदळून बिजागरी जाते आणि मागचे दिवे झाकले जातात. हौदा वरून झाकला की काम होतं. क्लीनर कुरकुर करेल, त्याला चहाचे पैसे द्या.

खालून दोन्ही बाजूंना पत्रे किंवा रबराचे पडदे लावायचं फॅड आहे. लांब ट्रेलरला, चांगल्या रस्त्यावर त्याचा उपयोग होतो. तुमची गाडी पांदणीत शिरते, काळ्या मातीत रुतते, पडदे पहिल्या पावसात जातील. शिवाय एक गोष्ट जोर देऊन सांगतो. बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, गाडीचा सायलेन्सर अधूनमधून आपलाच काजळीचा साठा जाळून स्वच्छ होतो, तेव्हा तो भयंकर तापतो. तुमच्या गाडीवर रुई असते. सायलेन्सरच्या जवळपास पडदा, पत्रा, ताडपत्रीचं लोंबतं टोक, काहीही नको. कापसाच्या गाडीला लागलेली आग मी एकदा पाहिली आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

हौद्याच्या मागे निमुळतं शेपूट जोडणं, रेडिएटरसमोर पुठ्ठा लावणं, हे विषय आपल्यासाठी बंद. लिंबू-मिरची आणि काळा गोंडा राहू द्या, त्यांचा वारा मोजण्याइतका नाही. कॅबिनवरचा जुना टायर, गुंडाळलेली जाळी आणि पाण्याचा ड्रम मात्र खाली घ्या.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या कंपनीच्या मापांपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी कागदावर साधं चित्र आणि मापं काढून आरटीओत विचारून घ्या. नंतर पासिंगला अडकण्यापेक्षा आधीचा हेलपाटा बरा. उंची, रुंदी, दिवे, नंबर प्लेट, चमकणाऱ्या पट्ट्या, काहीही झाकायचं नाही की वाढवायचं नाही. आणि गावातल्या विजेच्या तारा आणि रेल्वेखालचा पूल कायद्याची वाट पाहत नाहीत.

आता सगळ्यात कंटाळवाणं, पण त्याशिवाय सगळं वाया. मोजमाप. तुम्ही शोधताय तो फरक चार टक्क्यांचा आहे. ३०० लिटरची टाकी भरताना पंपावर पाच लिटर कमी-जास्त बसलं तरी पावणेदोन टक्के तिथेच गेले. म्हणून एका टाकीवरून काहीही ठरवायचं नाही. पंप एकच, शक्यतो मशीनही एकच, गाडी सपाट जागेवर उभी, टाकी फुल ते फुल. रस्ता तोच, वजन काट्यावरचं, ड्रायव्हर तोच. पत्रा न लावता तीन टाक्या, लावून तीन टाक्या, मग परत काढून दोन. शेवटच्या दोन टाक्या कोणी करत नाही, आणि घोळ तिथेच होतो. मृगात पत्रा लावला, ओला रस्ता आणि पश्चिमेचा वारा सुरू झाला, ॲव्हरेज पडलं, दोष पत्र्याला. दिवाळीत लावला, रस्ता कोरडा, ॲव्हरेज वाढलं, श्रेय पत्र्याला. काढून परत मोजल्याशिवाय खरं कळत नाही. डॅशबोर्डवरचा आकडा तुलनेपुरता ठीक, हिशेबाला वही.

मोजायला सुरुवात करण्याआधी टायरची हवा कंपनीने सांगितल्याइतकी आहे का आणि एअर फिल्टर साफ आहे का ते पाहून घ्या. जिनिंगच्या आवारात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरमध्ये कापसाचा तूस इतका बसतो की झटकताना उशी भरेल. तो तसाच ठेवून पत्र्याची परीक्षा घेतली तर पत्र्यावर अन्याय होतो.

आणि भाऊ, वर मांडलेल्या हिशेबातली एक ओळ परत वाचा. ऐंशीने वाऱ्याचं खातं चौदा लिटर, साठने आठ. तुमचा ड्रायव्हर पांढरकवड्यानंतर रिकामा हायवे दिसला की गाडी ऐंशीच्या लिमिटला लावून ठेवत असेल, तर शंभर किलोमीटरला सहा लिटर तिथे जातंय. मी लावतो तो पत्रा एक लिटर वाचवतो. पासष्टने चालवलं तर दर शंभर किलोमीटरला पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात. गिरणीत गाडी खाली व्हायला रात्रभर रांगेत उभं राहायचं असेल तर ती मिनिटं कुठेच जात नाहीत. पण तुमच्या भाड्यात वेळेवर पोचायचा बोनस असेल तर हिशेब वेगळा, तो तुम्हालाच माहीत. मी काही मालकांना वाचलेल्या डिझेलमधला तिसरा हिस्सा ड्रायव्हरला द्यायला लावला आहे. तेव्हापासून ताडपत्री न सांगता घट्ट बांधली जाते.

आठ हजारांत सपाट पत्राच होईल. हेडबोर्डच्या गोलाया, बाकदार पत्रा, पिना आणि नीट आधार धरून माझ्याकडे बारा ते पंधरा हजार लागतात, तुमच्या गावात थोडं कमी लागेल. तीन-चार महिन्यांत निघतात, हायवे पाच हजार किलोमीटर होत असेल तरच. एवढं वाचूनही करायचं ठरलं तर तीन मापं इंचात घेऊन लिहा: जमिनीपासून कॅबिनच्या छताची उंची, गाठी भरून ताडपत्री बांधल्यावरची उंची, आणि कॅबिनच्या पाठीपासून हेडबोर्डपर्यंतचं अंतर. ती मिळाली की पहिली पिन कुठल्या भोकात टाकायची ते सांगतो, पुढचं सूत सांगेल.